'खुर्ची मिळाली की माणूस बदलतो' आणि बाकीची पत्रं

यावेळच्या मेलमधे एकच विषय फिरून फिरून आला, साहेब झालो (किंवा झाले), आता जुन्या दोस्तांशी वागायचं कसं. शॉप फ्लोअरवरून आलाय, आयटीतून आलाय, पतसंस्थेतून आलाय आणि एक पत्र उलट्या बाजूने आलंय, म्हणजे साहेबाची मैत्री नकोशी झालेल्या मुलीचं. चार निवडलीत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत, उगाच कोण असेल कोण असेल करत बसू नका.

प्रश्न: मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. बरीच वर्षं ऑपरेटर होतो, दिवाळीनंतर शिफ्ट सुपरवायझर केलंय. ज्या पोरांबरोबर एका रूमवर राहिलो तीच आता माझ्या लाइनला आहेत. त्यातला एक तर जिगरी, त्याच्या वरातीत मी सगळ्यात पुढे नाचलोय. तो फर्स्ट शिफ्टला रोज १५-२० मिनिटं लेट येतो, बस सोडून बाइकवर येतो आणि मला म्हणतो सांभाळून घे ना भावा. आधी घेतलं. आता लाइनवरचे बोलायला लागलेत, एकाने तर तोंडावर विचारलं, तुमच्या मित्राचं घड्याळ वेगळं आहे का म्हणून. परवा मी त्याला जरा कडक बोललो तर म्हणतो, "खुर्ची मिळाली की माणूस बदलतो." तेव्हापासून झोप लागत नाही. दोस्ती ठेवू का सुपरवायझरकी करू?
— एक वाचक, चाकण

उत्तर: आधी ते खुर्चीचं वाक्य बाजूला काढू, कारण मला वाटतं झोप त्या वाक्याने उडालीय, लेट येण्याने नाही. अहो हे वाक्य प्रमोशनच्या लेटरबरोबरच येतं. क्लार्कचा हेडक्लार्क झालेला असो, सिस्टरची इन्चार्ज सिस्टर झालेली असो, मी बरीच वर्षं टाइम ऑफिसला आणि नंतर एचआरला काढली, हे ऐकावं न लागलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. आणि खरं सांगू का, मित्र चुकीचं बोलत नाहीये. बदललंच आहे की. काल तो लेट आला तर तुम्ही हसत होतात आणि तुमच्या हसण्याने कुणाचं काही जात नव्हतं. आज मस्टरवर तुमची सही आहे.

आता मला सांगा, शिफ्ट सात वाजता लागते आणि हा येतो सात वीसला, तर त्या वीस मिनिटांत त्याच्या मशीनवर कोण असतं? थर्ड शिफ्टचा माणूस. रात्रभर उभा राहिलेला, डोळे लाल झालेले. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही हा बहुतेक लाइनचा नियम, त्यामुळे तो थांबतो, पण कंपनीची बस त्याच्यासाठी थांबत नाही, ती जाते निघून, मग हा हायवेपर्यंत पाय ओढत जातो आणि स्वतःच्या खिशातले पैसे घालून शेअर रिक्षाने राजगुरुनगर नाहीतर भोसरी गाठतो, घरी पोचेपर्यंत पोरं शाळेत गेलेली असतात. तुम्हाला वाटतंय तुम्ही मित्राला सांभाळून घेताय. सांभाळतोय तो थर्ड शिफ्टवाला, आणि त्याला कुणी विचारलेलंसुद्धा नाही. साहेबाने दोस्तासाठी केलेली बहुतेक मेहेरबानी अशीच असते, बिल तिसऱ्याच्या नावावर फाटतं. मित्राला हेच सांगा, शिस्त, कंपनीचं नाव, वरून प्रेशर वगैरे काही सांगू नका कारण ते तो ऐकणार नाही आणि बरोबरच आहे न ऐकणं, तुम्ही तरी ऑपरेटर असताना कुठे ऐकत होतात. पण ज्याच्या मशीनवर आपण रोज जातो त्याची बस आपल्यामुळे चुकते हे कळलं की बऱ्याच जणांना लाज वाटते.

बोलायचं कुठे? लाइनवर नाही, कँटीनमधे नाही आणि रात्री "बसल्यावर" तर अजिबातच नाही, कारण तिथे बोललेलं सकाळी दोघांच्याही सोयीने आठवतं. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर चहाच्या टपरीवर दोघंच उभे राहा आणि सरळ विचारा, बाबा अडचण काय आहे. कदाचित खरंच काही असेल. बायको सकाळच्या शिफ्टला जात असेल, पोराला स्कूल व्हॅनमधे बसवायला घरात दुसरं कुणी नसेल. तसं असेल तर रस्ते आहेत, जनरल शिफ्ट मागता येते, सेकंडवाल्याशी अदलाबदल करता येते, पण ते अर्ज देऊन, वहीत नोंद होऊन, आणि उद्या दुसऱ्या कुणाला तशीच अडचण आली तर त्यालाही तेच मिळेल अशा बेताने. आणि काहीच कारण नसेल, नुसती झोप प्यारी असेल, तर मग सांगून टाका की सोमवारपासून लेट मार्क लागणार, मी आधी सांगतोय म्हणजे मस्टर बघून तुला धक्का नको.

इथे एक भानगड होते ती ध्यानात ठेवा. आजपर्यंत तुम्ही चालवून घेतलंय, एकदम त्याच्या एकट्यावर मार्क लावलात तर बाकीच्यांना वाटेल दोघांचं वाजलं म्हणून ठोकला, आणि त्यालाही तसंच वाटेल. म्हणून शनिवारी शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं घेऊन पूर्ण लाइनला सांगा, आतापर्यंत टायमिंगचं मी सैल सोडलं होतं, सोमवारपासून सगळ्यांना सारखं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. सगळ्यांना कळतंच, पण नाव न घेतल्याने त्याची इज्जत राहते आणि ती राखणं तुमच्या हातात आहे.

लेट येणं तर दिसतं तरी. त्याहून जास्त वाजतं ते ओव्हरटाइमवरून, त्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत पण मी विचारतोच. रविवारच्या ओटीला कुणाला बोलवायचं हे आता तुम्ही ठरवता ना? ओटीचा पैसा दुप्पट दराने मिळतो, ज्याच्या गाडीचा हप्ता आहे त्याच्यासाठी महिन्याचे दोन रविवार म्हणजे हप्त्याची सोय. तुम्ही ज्याला आधी फोन कराल त्याला ती मिळाली, आणि माणूस फोन कुणाला आधी करतो? ज्याचा नंबर वर असतो त्याला. यात तुमचा वाईट हेतू अजिबात नाही, हात आपोआप तिकडेच जातो. तर हा निर्णय फोनमधून काढा आणि बोर्डावर टाका. तुमच्या लाइनला स्किल मॅट्रिक्सचा तक्ता लावलेला असेलच, कोण कुठलं मशीन किती चालवू शकतो ते गोल अर्धे-पाव भरून दाखवलेलं असतं तो, त्याच्याच बाजूला एक कागद डकवा, ओटीचा नंबर कुणाचा, मागच्या वेळी कोण आलं, कोण नाही म्हणालं. पाळीने. रजेचंही तसंच. गणपतीला कोकणातली पोरं एकदम पेटतात, आषाढीच्या आधी पंढरपूरकडच्यांचं सुरू होतं आणि दिवाळीला तर सगळीच लाइन गावाला जायला बघते, मग शेवटच्या आठवड्यात जो जास्त ओळखीचा त्याचा अर्ज पास होतो असं दिसतं. महिनाभर आधी कॅलेंडर लावा, नावं लिहून घ्या, जास्त झाली तर चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी कुणाची दोस्त नसते, आणि तुमच्यावरचं ओझंही उतरतं.

एवढं उघड्यावर आणलंत की दोस्तीला जागाच जागा आहे. मी काही त्या लोकांपैकी नाही जे सांगतात साहेब झालात की अंतर ठेवा. काही नवे सुपरवायझर पहिल्याच दिवशी कँटीनमधलं टेबल बदलतात, कालपर्यंत ज्यांच्या डब्यातला ठेचा खाल्ला त्यांच्याकडे न बघता स्टाफच्या टेबलावर जाऊन बसतात, मला तो प्रकार फार केविलवाणा वाटतो. जेवा त्यांच्याबरोबर. फक्त कधी हेल्परच्या टेबलावर बसा, कधी कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांबरोबर बसा, त्यांचीही ताटं त्याच कँटीनमधे आहेत. मित्राच्या पोराच्या बारशाला जा, त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी काढा. बसायला बोलावलं तर जा, लवकर उठा, आणि तिथे दोन विषय तोंडातून काढू नका, लाइनवरच्या दुसऱ्या माणसाबद्दलचं मत आणि वरच्या मीटिंगमधे काय ठरतंय ते. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही हे त्या माणसाला कळायच्या आधी तुमच्या दोस्ताला कळलं, तर त्यानंतर तुमच्यावर कुणी विश्वास का ठेवावा?

कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी इंटेल कंपनी एकेकाळी चालवणारे अँडी ग्रोव्ह यांनी यावर एक साधी परीक्षा सांगून ठेवलीय. डोळ्यासमोर आणायचं की आपण या मित्राला समोर बसवून त्याच्या कामाबद्दल कडक गोष्टी सांगतोय. नुसत्या कल्पनेनेच पोटात गोळा आला तर कामावर दोस्ती करू नये, नाही आला तर खुशाल करावी. तुमच्या पोटात येतोय हे पत्रावरूनच दिसतंय. पण तुमची दोस्ती खुर्चीच्या आधीची आहे, ती काही मोडून टाकता येत नाही, तर गोळ्यासकट बोलावं लागेल. तो चार-सहा महिने तुटक वागेल. कदाचित कायमचाच तुटेल, तेही होतं, मी झालेलं बघितलंय. पण लाइनवरची बाकीची माणसंही तुमचीच आहेत हो, त्यांनी तुमचं काय बिघडवलंय.

प्रश्न: हिंजवडीत आयटी कंपनीत टीम लीड आहे, टीममधे नऊ जण. आमचं खूप छान जमतं, सगळे अगं-तूगं करतात, दुपारी टपरीवर चहा, ट्रेक, सगळं. त्यातली एक मुलगी तर माझी बेस्ट फ्रेंड झालीय, माझ्या घरचे प्रॉब्लेम, माझ्या मॅनेजरबद्दलचा वैताग, सगळं तिला माहितीये. आता अप्रेझल आलंय आणि तिचं या वर्षीचं काम खरंच ठीकठाक आहे, दोन डिलिव्हरी तिच्यामुळे लांबल्या. तिला मधलं रेटिंग द्यावं लागणार आणि ती टॉपचं धरून बसलीय. अजून एक, टीममधले एक जण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत, मी जॉइन झाले तेव्हा त्यांनीच मला शिकवलं होतं, त्यांना फीडबॅक द्यायचा म्हटलं की माझी ततपप होते.
— टीम लीड, वय ३१

उत्तर: दुसरं सोपं आहे ते आधी. त्यांना सर म्हणत असाल तर सरच म्हणा, ऑफिसात सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत असली तरी. मान दिल्याने तुमचं पद कमी होत नाही. आणि फीडबॅक हा शब्दच त्या संभाषणातून काढून टाका, कामाचं बोला, "सर, त्या मॉड्यूलला तीन आठवडे लागले, मी दोन धरले होते, कुठे अडलं?" मोठी माणसं बहुतेक वेळा स्वतःच सांगतात कुठे अडलं ते. त्यांना झोंबतं ते चारचौघांत, डेली कॉलवर सगळ्यांसमोर विचारलेलं. तेवढं टाळा, पुढचं निभावेल.

आता मैत्रीण. पहिला प्रश्न मीच तुम्हाला विचारतो, त्या डिलिव्हऱ्या लांबल्या तेव्हा तुम्ही तिला काय बोललात? माझा अंदाज, काहीच नाही. "चालतं गं, होतं असं" म्हणालात आणि विकेंडला बसून उरलेलं काम स्वतः संपवलंत. असं असेल तर तिने टॉप रेटिंग धरून बसण्यात तिचं काय चुकलं? तिला वर्षभर चालतं गं हेच रेटिंग मिळत होतं ना. मैत्री असली की असं होतं, कडू बोलायचं आपण पुढे ढकलत राहतो आणि मग ते एचआरच्या फॉर्मवर छापून समोर येतं, ज्याच्याशी भांडताही येत नाही.

म्हणून लेटर यायच्या आधी तिच्याशी बोला, या आठवड्यातच. आणि बोलताना ते एक वाक्य वापरू नका, प्लीज, "मी तुझ्यासाठी खूप भांडले गं पण वरून कट झालं." आयटीतल्या प्रत्येक माणसाने हे एकदा तरी ऐकलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे मॅनेजर झाल्यावर दुसऱ्याला ऐकवलंय. टीममधले चौघं जण टपरीवर एकमेकांशी बोलतात, चौघांसाठीही तुम्ही खूप भांडला होतात हे तिथे पाच मिनिटांत उघडं पडतं. खरोखर भांडला असाल तर काय मागितलं होतं ते सांगा. नसाल भांडला तर सांगा की मधलं रेटिंग मीच लिहिलंय, या या दोन कारणांसाठी, आणि पुढच्या वर्षी वरचं हवं असेल तर अमुक अमुक दिसायला हवं. बाई रडेल. रडू द्या.

आता थोडं सिस्टीमबद्दल, कारण सगळा दोष तुमच्या माथी मारणंही बरोबर नाही. नऊ जणांत एकालाच टॉप द्यायचा असली कोष्टकं कंपन्या बनवतात त्याचं मूळ बरंच जुनं आहे, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी माणसांची वरची वीस टक्के, मधली सत्तर आणि खालची दहा अशी वाटणी करायची पद्धत गाजवली आणि मग जगभर त्याची लागण झाली. मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची रँकिंग २०१३ मधे बंद केली, पण आपल्याकडे बेल कर्व्ह (म्हणजे ठरलेल्या टक्क्यांत माणसं बसवायची) हा शब्द मार्च-एप्रिलमधे अजून ऐकू येतो. तुमच्या कंपनीत तसं असेल तर ते टीमला मोकळेपणाने सांगा की जागा एवढ्याच आहेत. नियम माहीत असला की माणूस नियमावर चिडतो, नाही माहीत तर मैत्रिणीवर.

आणि ते सगळं सांगणं बंद करा. घरचं एकवेळ ठीक, पण तुमच्या मॅनेजरबद्दलचा वैताग तुम्ही ज्या मुलीचं रेटिंग लिहिता तिच्यापाशी काढलात याचा अर्थ आता रेटिंग कमी आलं की तिच्या हातात काहीतरी आहे. ती ते वापरेल असं मी म्हणत नाही, चांगली मुलगी असेल. पण तुमच्या मनात ती भीती आहे आणि ततपप फक्त त्या सरांपुढेच होत नसणार. मन मोकळं करायला दुसऱ्या टीमचे लीड शोधा, जुन्या कंपनीतली मैत्रीण शोधा, नवरा-बहीण-आई कुणीही चालेल, ज्यांचं लेटर तुमच्या लॅपटॉपमधून निघत नाही असं कुणीही.

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. गाव लहान, स्टाफमधला एक माझा आतेभाऊच आहे, दुसऱ्याचं घर आमच्या गल्लीत. सारखे हातउसने पैसे मागतात. एकदा दिले ते आलेच नाहीत. आता एक जण म्हणतोय कर्जाला जामीन राहा. नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायचं कसं?
— शाखाधिकारी

उत्तर: जामीन राहू नका. हप्ता थकला की वसुलीचा फोन तुम्हाला येणार, आणि त्याच वेळी कर्मचारी म्हणून त्याच्यावर कारवाई करायची का हे ठरवणारेही तुम्हीच, अशा जागी स्वतःला कशाला अडकवताय. नाही म्हणताना कारण सांगायला जे सोपं आहे ते सांगा, "मी शाखेचा अधिकारी म्हणून कुठल्याच स्टाफला जामीन राहत नाही", आणि मग खरंच कुणालाच राहू नका, आतेभावालासुद्धा. एकाला नाही आणि दुसऱ्याला हो झालं की गावात तोंड दाखवणं खरंच अवघड होईल.

हातउसन्याचं, पगारावर उचल द्यायचा संस्थेचा नियम असेल तर अर्ज करायला सांगा, मंजुरी तुमची नको, मुख्य कार्यालयाची घ्या. फारच निकड असेल, दवाखाना वगैरे, तर परत नाही आले तरी चालतील एवढेच पैसे खिशातून द्या आणि तो विषय परत काढू नका. आणि आतेभावाची रजा, बढती, कर्जाची फाइल, काहीही असेल तर तुमची सही नको, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवा आणि तसं पाठवलंय हे फाइलवर दिसू द्या. आत्याबाई रागावतील. सणावाराला पाया पडायला जात जा म्हणजे झालं.

प्रश्न: मी २४ वर्षांची आहे, ठाण्यात जॉब करते, हा माझा पहिलाच जॉब. आमचे मॅनेजर खूप फ्रेंडली आहेत, "आपण फॅमिली आहोत, मला सर म्हणू नको" असं म्हणतात. सुरुवातीला बरं वाटलं. आता रात्री साडेअकराला मेसेज येतात, झोपलीस का, डीपी मस्त आहे, हल्ली बोलत नाहीस. रिप्लाय नाही दिला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोंड पाडून बसतात आणि मग माझ्याच कामात चुका निघतात. अंगाला हात वगैरे लावलेला नाही. मैत्रिणी म्हणतात तू जास्तच विचार करतेस. करतेय का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही, जास्त विचार करत नाहीयेस. वरती तीन साहेबांना मी मैत्री ठेवा म्हणून सांगितलं, तुझ्या पत्रातल्या प्रकाराला मी मैत्री म्हणत नाही. मैत्रीत "झोपले होते" म्हणून रिप्लाय न द्यायची मुभा असते. तुझ्याकडे ती नाही, कारण रिप्लाय नाही दिला की दुसऱ्या दिवशी कामात चुका निघतात हे तूच लिहिलंयस. अंगाला हात लावला तरच त्रास असंही काही नाही, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्यात नकोसं बोलणं आणि शब्दांशिवायचं वागणंही येतं, आणि नकार दिल्यावर नोकरीत त्रास देणं तर स्पष्टच येतं.

आता काय करायचं. आधी त्यांना लिहूनच उत्तर दे, छोटंसं, रागाने नको: "सर, ऑफिसच्या कामाशिवायचे मेसेज मला पाठवू नका." खाली हसणारं चिन्ह टाकू नकोस, आपल्या मुलींना ती सवय असते, नकार दिला की लगेच एक स्मायली, म्हणजे समोरच्याला वाईट नको वाटायला. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे काढून स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठव, ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस. आणि कामात ज्या चुका काढल्या त्यांच्याही तारखा एका वहीत लिहून ठेव, आदल्या रात्री मेसेज आला होता का हे बाजूलाच.

थांबले तर उत्तम. कधीकधी खरंच थांबतात, काही लोकांना आपण काय करतोय हे कुणीतरी लिहून दिल्याशिवाय कळतच नाही (मला त्यांची फारशी दया येत नाही). नाही थांबले तर कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार कर. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ही समिती असायलाच हवी, अध्यक्ष कंपनीतलीच वरिष्ठ बाई असते, निम्म्या तरी बायका असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर ऑफिसात विचारलं की पत्ता मिळतो. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते आणि तुझं नाव, तक्रारीतला मजकूर बाहेर जाता कामा नये असंही कायद्यातच आहे.

तुझी खरी भीती अप्रेझलची असणार, ते पत्रात लिहिलं नसलंस तरी कळतंय. त्याचीही सोय आहे आणि ती फार कमी मुलींना माहीत असते. चौकशी चालू असताना तू लेखी मागणी केलीस तर तुझ्या कामाचा रिपोर्ट त्या मॅनेजरने लिहू नये, दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा अशी शिफारस समिती करू शकते. तुझी किंवा त्यांची बदली, तुला तीन महिन्यांपर्यंत रजा, हेही मागता येतं. तक्रारीबरोबरच हा अर्ज जोड, नंतर बघू म्हणू नकोस.

हे वाचणाऱ्या मॅनेजर मंडळींना मधेच एक सांगतो. टीममधल्या कुणाला रात्री मेसेज टाकायचा मोह झाला तर हाच मेसेज आपण आपल्या डायरेक्टरला टाकला असता का ते बघा. "झोपलात का सर, डीपी मस्त आहे." नसता टाकला ना?

आणि तू मैत्रिणींना विचारत बसण्यात वेळ घालवू नकोस, कारण तक्रारीला मुदत आहे. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. समितीला कारण पटलं तर अजून तीन महिने वाढवून देता येतात, पण ते त्यांच्यावर आहे, त्या भरवशावर राहू नये. आज फोन उघडून शेवटचा मेसेज कुठल्या तारखेचा आहे ते आधी बघ.